कळंबच्या डीटीपीवाल्या दादांना

दादा, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण लिहिल्याशिवाय मला राहवंना.

आमची चार एकर जमीन सोलरवाल्या कंपनीला २९ वर्षांसाठी भाड्यानं द्यायची बोलणी चार महिने चालली अन् तेवढ्यात कराराचा मसुदा पाच वेळा बदलून आला. दरवेळी त्यांचा माणूस म्हणायचा, काही बदललं नाही, स्पेलिंग तेवढ्या नीट केल्यात. वकिलाकडं गेलो तर त्यांनी फी घेतली, शेवटचं पान बघितलं अन् ठीक आहे म्हणले. नात्यातली शिकलेली माणसं तर मलाच येड्यात काढूलालती, एवढी मोठी कंपनी चार एकरासाठी फसवंल का म्हणून. एकानं पण कागद हातात घेतला नाही. त्याचा राग अजून गेला नाही, खोटं कशाला बोलू.

तुमच्याकडं मी नुसतं प्रिंट काढायला आलतो, आई सोबत होती. तुम्हीच विचारलं, आधीचे मसुदे हायेत का मोबाईलमध्ये? पहिले चार वर्डमध्ये होते, ते तुम्ही कम्पेअरला लावले अन् बदललेलं सगळं लाल होऊन समोर आलं, त्यात खरंच फार काही नव्हतं. पाचवा मात्र स्कॅन करून पाठवलेला, तिथं कॉम्प्युटर चालंना, मग तुम्ही चौथ्याची प्रिंट शेजारी ठेवून फूटपट्टी लावली. अन् सापडलं की, "दरवर्षी ५ टक्के वाढ" होतं तिथं "दर तीन वर्षांनी ५ टक्के". एकरी ४०,००० धरलं तर दहाव्या वर्षी २,४८,००० च्या जागी १,८५,००० हातात आले असते, हा हिशेब तुम्हीच कॅल्क्युलेटरवर करून दाखवला.

पण दादा, माझ्या मनात बसलंय ते येगळंच. वाचायच्या आधी तुम्ही खुर्ची माझ्याकडून आईकडं वळवली अन् म्हणलात, "काकू, सातबारा तुमच्या नावावर हाय, तुम्ही ऐका. समजलं नाही तिथं मला थांबवा." चार महिन्यांत तिला सगळ्यांनी अंगठा कुठं लावायचा तेवढंच सांगितलं होतं. तुम्ही इंग्रजीतली एकेक ओळ मराठीत सांगत गेलात अन् मधीच आईनं थांबवलं, "खांब काढून नेल्यावर खड्डे कोण बुजवायचं?" तुम्ही चौथा मसुदा उघडला. त्यात होतं, जमीन पहिल्यासारखी करून द्यायची. पाचव्यात ते कलमच नव्हतं, पुढचे नंबर सरकवून घेतलेले, म्हणून मला दिसलं नव्हतं. आईचा चेहरा तवा बघायला पाहिजे होता, ती त्या दिवशी घरी येईपर्यंत बोलतच होती.

दोन्ही कलमं परत आली. कंपनी म्हणली टायपिंगची चूक. रजिस्ट्रीच्या दिवशी स्टॅम्पवरची प्रत पण तुम्ही दुकान पोराच्या भरवशावर सोडून तपासून दिली अन् घेतले काय तर प्रिंटचे ८० रुपये. शिकलेलं माणूस समोरच्या अडाणी माणसाला असं बरोबरीनं बसवून घेतं, हे मी फार कमी बघितलंय, तहसीलच्या आवारात तर कधीच नाही.

त्या चार एकराशिवायचं दोन एकर आम्ही आमच्याकडंच ठेवलंय, ज्वारी हाय त्यात. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, आई भज्जी अन् आंबील करणार हाय, तुमच्या घरच्यांना घेऊन शेतात या. तिनं मला तीनदा सांगितलंय, त्या पोराला नक्की बोलव म्हणून.