केंद्राच्या चिमणीसाठी मदत हवीय, या वेळी खरंच

मंडळी, नमस्कार. गणपतीचा हिशोब अजून टेबलावर पडलाय तरी हे आजच लिहितोय, कारण मंगळवारी मोठ्या मावशी वड्यांचा घाणा काढता काढता खोकून खोकून खालीच बसल्या. डॉक्टरांनी आधी विचारलं, घरात बिडी कोण ओढतं? कोणीच नाही हो, मावशी 22 वर्षं कढईसमोर उभ्या आहेत एवढंच.

आपलं लालबागचं पोळीभाजी केंद्र काय आहे ते मी सांगायला नको. 1982 च्या गिरणी संपात पगार थांबले तेव्हा केंद्रातल्या बायकांच्याच सासवांनी डबे करून घरं ओढली. त्याआधी 1975 ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते बघूनच आपल्या आज्यांना धीर आला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एक दिवसही चूल थंड नव्हती, तेव्हा नाक्यावरच्या शेठनी तेलाचे डबे पैसे न घेता पाठवले, तिसऱ्या माळ्यावरच्या मास्तरांनी पेन्शनमधून फ्रीज घेऊन दिला, अजून चालतोय तो. विसरलेलो नाही.

आता लोक म्हणतात गॅस आहे ना, मग धूर कुठला? अहो तेल कडक तापलं की तेलातूनच अतिबारीक कण आणि आक्रोलीन नावाची झोंबरी वाफ सुटते, डोळे चुरचुरतात ते त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने 2010 लाच कडक तळणाचा धूर 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलाय. आपला एक्झॉस्ट कढईपासून आठ फुटांवर, पाकळ्यांवर बोटभर काळा चिकटा, फिरतो पण ओढत नाही. धूर आधी मावशींच्या नाकातून जातो, मग पंख्याकडे. नाकाला पदर लावून काय अडणार?

एप्रिलमध्ये चिमणीच्या वर्गणीचं ग्रुपवर टाकलं तेव्हा 31 अंगठे आले, पैसे दोघांचे. दहीहंडीच्या टीशर्टला मात्र दोन दिवसांत जमले. असो.

कढईवर स्टीलचा हूड, मोटर, गच्चीपर्यंत डक्ट (धुराचा पाइप) मिळून 85 हजार, हातात 23, शिवाय 11 जणींची स्पायरोमेट्री (फुंकायची टेस्ट) वेगळी, गच्चीची परवानगी झालीय, रोख-चेक दोन्ही चालेल, पावती मिळेल, ऑफिसात रात्री 8 ते 10, रविवार सोडून, 15 तारखेच्या आत कारण फॅब्रिकेटर ॲडव्हान्सशिवाय माप घ्यायलाही येत नाही, ओळखीत छातीचा डॉक्टर असेल तर तेही कळवा.

तोवर वडे फक्त शनिवारी मिळतील, काउंटरवरच्या मुलीशी वाद घालू नये.

– सेक्रेटरी