सूचना : बंद कारखान्याच्या जागेची पाहणी, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता

सर्व सभासदांस,
खाडीकाठच्या जागेवर मैदान करायचं की समाजमंदिर, हा वाद तूर्त बाजूला ठेवू. आधी माती काय म्हणते, म्हणजे कारखान्याच्या रसायनांनी ती दूषित झाली आहे का, ते बघू.

रविवारी फक्त फिरून पाहणी आहे. खणायचं नाही, माती हातात घ्यायची नाही. बूट घालून या, मुलांना आणू नका. नमुने प्रयोगशाळेची माणसंच घेतील : वरचा थर, मग खालचे थर, आणि तुलनेसाठी वरच्या वाडीतली स्वच्छ माती. आपला जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे वर सांडलेलं पावसात झिरपून विहिरीत उतरू शकतं. म्हणून उताराकडच्या विहिरींचं पाणी पावसाआधी आणि पावसानंतर, असं दोनदा तपासायचं ठरलं आहे. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, पाऱ्याची ०.००१. इतकं कमी डोळ्याला दिसत नाही. ‘पाणी नितळ आहे’ हे कृपया पुन्हा सांगू नये.

जुन्या कामगारांनी जरूर यावं. रसायनाच्या टाक्या कुठे होत्या, गाळ कुठे पुरला, हे कुठल्याच नकाशावर नाही, तुमच्याच डोक्यात आहे. येता येत नसेल तर सचिवांना तोंडी सांगा.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम काढले. त्यांचा आधार घेऊन ग्रामपंचायतीमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्यायचा आहे. सह्यांचा कागद देवळात ठेवला आहे.

अहवाल येईपर्यंत तिथे गुरं सोडू नयेत, भाजी लावू नये. भरावासाठी तिथली माती नेणं ताबडतोब थांबवा. दोन ट्रॉल्या गेल्याचं कानावर आलं आहे.

— सचिव