मनूला, स्कोपच्या आधी

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास, ठेवलास म्हणजे आपटलासच, त्यानंतर मी परत लावायला घेतला आणि राहू दिला. फोनवर माझा आवाज चढतो असं तुझी आई म्हणते. लिहिताना तरी चढणार नाही म्हणून हे टाइप करत बसलोय. लांबेल बहुतेक, एका दमात नाही वाचलंस तरी चालेल, पण वाच.

आधी हे सांगतो की मी काळजीबिळजीचं काही लिहिणार नाहीये. फक्त तयारीबद्दल लिहितो, कारण आपल्या घरात ही कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून बघतात ती टेस्ट, करून घेतलेला मी एकटाच आहे आणि निदान ह्या एका विषयात तरी मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकी तू सांगितलंस कसं, सगळ्या गप्पा झाल्या, "चला ठेवते" पण झालं, आणि मग "अगं हो, डॉक्टरांनी स्कोप सांगितलाय, रुटीन आहे" असं आईला. रुटीन! चार महिने पोट बिघडलंय, रात्री झोपेतून उठून जावं लागतं, रक्त पडतं, हिमोग्लोबिन 9.2, कपडे सैल झालेत, हे मला कळतं आईकडून, आईला निनादकडून, आणि निनादला पण तू शपथ घातलेली असणार. असो. तयारी.

तू ती आयर्नची गोळी घेतेस ना, ती साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. तिने आतला मळ काळा आणि चिकट होतो, धुऊन निघत नाही, आणि डॉक्टरांना आतली भिंत दिसत नाही. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर तू विचार, आपल्या मनाने बंद करू नकोस. दुसऱ्या काही गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करायची, पेनकिलर, काहीही, त्याची यादी लिहून ने. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली, कोंडा असलेलं काही खायचं नाही. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ. आणि लाल किंवा जांभळ्या रंगाचं काही पिऊ नकोस, आत ते रक्तासारखं दिसतं.

टेस्टमध्ये काही नाही ग, जे काय आहे ते आदल्या रात्री आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर असते, लिटरच्या हिशेबात पाण्यात कालवून प्यायची. खारट, बुळबुळीत. गार करून पी, स्ट्रॉ वापर, घोट घेऊन तोंडात घोळवत बसू नकोस. हल्ली अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे, टेस्टच्या चार-सहा तास आधी देतात, आणि पहाटेची ती अर्धी लोक चुकवतात, झालं की पोट साफ, आता कशाला म्हणून. ती चुकवायची नाही. रात्री धुतलेल्या आतड्यात सकाळपर्यंत वरून परत पित्त आणि चिकट पाणी उतरतं, आणि उजव्या बाजूचा भाग त्यानेच झाकला जातो. शेवटी जे होतं ते पिवळसर पाणी, तळ दिसेल इतकं स्वच्छ, तोपर्यंत बाथरूमपासून लांब जाऊ नकोस. मऊ टिश्यू आणून ठेव, पेट्रोलियम जेली लाव, फोनचा चार्जर आत लाव. मुलीला बाप हे असलं लिहितोय, पण कोणीतरी सांगायला हवं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं.

ह्या सफाईला मार्क असतात, माहितीये? बॉस्टन स्केल म्हणतात, आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला 3 पैकी, एकूण 9. मला 8 मिळाले होते. रिपोर्टवर लिहिलेलं आहे, मी तुला त्याच संध्याकाळी फोटो काढून पाठवला होता. आठवतंय ना, त्याच संध्याकाळी. घरी येऊन चहा घ्यायच्या आधी. दोन पॉलिप होते, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या गाठी, त्यातला एक सेंटिमीटरपेक्षा मोठा, दोन्ही तिथेच वायरच्या फासाने काढले, बायॉप्सीत, म्हणजे तुकडा तपासल्यावर, अॅडिनोमा आला, कॅन्सर नाही पण पुढेमागे होऊ शकतो तो प्रकार. हे सगळं तुला माझ्याकडून कळलं, आईकडून नाही, निनादकडून नाही. एवढंच म्हणतोय.

हे तुझ्या डॉक्टरांना सांगितलंस का? वडिलांना मोठा अॅडिनोमा होता आणि आजोबांना आतड्याचा कॅन्सर झाला होता. नसेल सांगितलं तर सांगच. फॅमिली हिस्टरी विचारतात तेव्हा तू "काही विशेष नाही" म्हणतेस, मला माहितीये तू कशी आहेस.

आत काय करतात ते सांगतो. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. हाताला सुई, त्यातून गुंगीचं औषध, बाकी मला काही आठवत नाही. बोटाएवढ्या जाडीची नळी, पुढे कॅमेरा आणि दिवा, मोठं आतडं साधारण दीड मीटर, ते पूर्ण पार करून अपेंडिक्सच्या तोंडापर्यंत जातात, तुझ्यासारख्या केसमध्ये लहान आतड्याचं टोकही बघतात. खरं बघणं परत येताना असतं, नळी हळूहळू मागे घेत. निदान सहा मिनिटं तरी परत यायला लागली पाहिजेत असा नियम आहे, घाईने बाहेर आलं तर राहून जातं काहीतरी. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास धर. आतड्याच्या आतल्या अस्तराला चिमटा घेतलेला कळत नाही, त्यामुळे बायॉप्सीला घाबरू नकोस. हवा भरलेली असते म्हणून नंतर पोट फुगतं, गॅस जातो, तिथे सगळ्यांचाच जात असतो, लाजायचं नाही. धोका आहे का, तर आहे, आतड्याला भोक पडायचा, पण तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी. नंतर पोट फार दुखलं, ताप आला, खूप रक्त गेलं तर लगेच परत जायचं.

ह्या टेस्टला लाजणाऱ्यांसाठी एक गंमत. 2021 साली बायडन साहेबांनी हीच टेस्ट करून घेतली, गुंगीत असताना कारभार कोणाकडे म्हणून तेवढ्यापुरते अधिकार कमला हॅरिसकडे दिले, 85 मिनिटं. अमेरिकेच्या अध्यक्षांचे अधिकार एका बाईकडे आले ते पहिल्यांदा, आणि ते कोलोनोस्कोपीमुळे. 1985 साली रेगनच्या, तेव्हाच्या अध्यक्षांच्या, आतड्यात ह्याच टेस्टमध्ये मोठा पॉलिप सापडला होता, ऑपरेशन केलं तर कॅन्सर निघाला, आणि तो माणूस त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षं जगला, 93 चा होऊन गेला. आणि त्याने सगळं जगाला सांगितलं होतं. लपवलं नव्हतं. अख्ख्या जगाला सांगतात लोक, आणि तुला आईबापाला सांगायचं जिवावर येतं.

बघ, आलो परत तिथेच. सॉरी. पण आता आलोच आहे तर लिहूनच टाकतो.

मला स्कोपची भीती नाहीये. आत काय निघेल ह्याची पण, म्हणजे आहे, पण तेवढी नाही. तुझ्या वयात असं रक्त पडलं तर बऱ्याचदा कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची सूज, निघतो, मूळव्याध निघते, इन्फेक्शन निघतं, पॉलिप निघतो. कॅन्सर क्वचित. तू गुगल करून आयबीएस, म्हणजे आतड्याची नुसती चाल बिघडते तो त्रास, ठरवलंयस, तर आयबीएसने रक्त पडत नाही आणि हिमोग्लोबिन उतरत नाही, रात्री झोपेतून उठवण्याएवढा तर तो सहसा नसतोच, म्हणूनच डॉक्टरांनी आत बघायचं ठरवलंय, उगाच पैसे काढायला नाही. आणि मूळव्याध असली तरी तिच्या मागे दुसरं काही नाही हे बघितल्याशिवाय कळत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात, बहुतेकांचा होतच नाही, काढून टाकला की विषय संपतो. कोलायटिस असेल तर गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, लोक नोकऱ्या करतात, मुलं वाढवतात. फक्त वेळेवर कळायला हवं. चार महिने मनू! चार महिने तू रक्त बघत होतीस आणि मीटिंगा करत होतीस. तुला तीस माणसांची टीम सांभाळता येते, त्यातलं कोणी आजारी पडलं तर तू स्वतः डॉक्टरकडे घेऊन जातेस, हे मला तुझ्या त्या मैत्रिणीने सांगितलं आणि मला इतका अभिमान वाटला की मी ते आत्याला दोन वेळा सांगितलं. आणि स्वतःचं म्हटलं की बघू.

झालं, लेक्चर दिलंच. तुला आत्ता काय हवं असेल तर कोणी गप्प जवळ बसायला, आणि मी दहा पानं लिहितोय.

मला भीती आहे ती ही की रिपोर्ट आला की तू आम्हाला अर्धाच सांगशील. किंवा गोड करून सांगशील. तुझी सवय आहे ती. हॉस्टेलवर हात मोडला तेव्हा प्लास्टर निघाल्यावर कळवलंस, आणि तोवर दर आठवड्याला आमच्याशी हसून बोलत होतीस. त्या वर्षीचं, निनादच्या बदलीच्या वेळचं, ते तर मी बोलतच नाही, ते मला आईने सहा महिन्यांनी सांगितलं आणि मी तुला कधी विचारलं पण नाही. तुला वाटतं बाबांना झेपणार नाही. बीपी आहे म्हणून. बीपी गोळीने कंट्रोलमध्ये आहे.

आण्णांच्या, तुझ्या आजोबांच्या, वेळी तू लहान होतीस, तुला किती आठवतं मला माहीत नाही. त्यांना सांगायचं नाही असं काकांनी ठरवलं होतं, तेव्हा घरोघरी तसंच करायचे. आतड्याला सूज आहे म्हणून सांगितलं होतं. फाइल वरच्या कपाटात, डॉक्टरांशी बोलणं जिन्यात, आण्णा खोलीत आले की आम्ही विषय बदलायचो. आणि त्यांना सगळं माहीत होतं. एक दिवस दाढी करता करता मला म्हणाले, बँकेत खात्याला तुझं नाव लावून घे, लॉकरला पण, आणि पेन्शनच्या कागदात आईचं स्पेलिंग चुकलंय ते आधी दुरुस्त कर. त्यांनी पण कधी म्हटलं नाही की मला कळलंय. आम्ही सगळे मिळून नाटक करत होतो आणि बघायला कोणीच नव्हतं. त्यांना काय दुखतंय, कशाची भीती वाटतेय, कोणाला भेटायचंय, हे विचारताच आलं नाही, कारण विचारलं असतं तर सूज खोटी पडली असती. शेवटचे पाच महिने आम्ही त्यांच्याशी क्रिकेटवर बोललो. त्यांना क्रिकेट आवडायचं नाही.

तुझ्याशी मला असं नाही बोलायचं. काहीही निघो. चांगलं निघालं तरी पूर्ण सांग, कुठला शब्द लिहिलाय तो सांग, फोटो पाठव, माझ्यासारखा. बायॉप्सी घेतली तर तिचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, त्या दिवसात तू "अजून आला नाही" म्हणशील आणि तो आलेला असेल, हे मला आत्ताच दिसतंय. तसं करू नकोस. मला रात्री दोन वाजता सांगितलंस तरी चालेल, मी जागाच असतो हल्ली. आणि मी ओरडणार नाही, ओरडलो तर आईला फोन दे.

लहानपणी तू ताप आला की अंगाला हात लावू द्यायची नाहीस, "काई नाई, काई नाई" म्हणत उशीत तोंड खुपसायचीस, आणि तू एवढं जोरात म्हणायला लागलीस की आई थर्मामीटर शोधायची. परवा फोनवर तू तीन वेळा म्हणालीस काही नाही.

आता शेवटचं आणि कामाचं. गुंगी उतरली असं वाटतं पण ती उतरलेली नसते, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सही करायची नाही, ऑफिसच्या मेलला उत्तर द्यायचं नाही (तू देशील). सोबत माणूस असल्याशिवाय बरेच ठिकाणी टेस्टच करत नाहीत. आणि बाहेर आल्यावर डॉक्टर जे सांगतात ते पेशंटला नंतर आठवत नाही, मला अजिबात आठवत नव्हतं, ते सोबतच्या माणसाने ऐकून ठेवायचं असतं. निनादला सुट्टी मिळत नसेल तर मी येतो. हो, मला कळतंय तुझ्या लक्षात आलंय मी का येतोय. तरी येतो. तारीख कळव, तिकीट मी काढतो, तुझ्याकडे सोफ्यावर झोपेन, आदल्या रात्री तुझ्या दाराबाहेर येऊन "झालं का" असं विचारणार नाही. तू नको म्हणालीस तर आई येईल, आणि ती डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते, तेव्हा काय ते ठरव.

बाबा

ता. क. दादाला मी अजून काही बोललो नाहीये, त्याच्या परीक्षा तोंडावर आहेत, तो उगाच टेन्शन घेईल. तू त्याला सांगणार असशील तर आधी मला सांग.