शून्य स्कोअरवर निर्धास्त राहायला सांगू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कॅल्शियम स्कोअरवरचा, म्हणजे सीटी स्कॅननं हृदयाच्या वाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजण्यावरचा, लेख वाचला. लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण ‘स्कोअर शून्य आला की पुढची दहा वर्षं निर्धास्त राहा’ हे वाक्य तुम्ही चौकटीत, ठळक टायपात छापलंत. त्याचा संताप अजून उतरलेला नाही. लोक चौकटीतलंच वाचतात. आज सकाळी दूध आणायला गेले तर तिथेही एकानं तेच वाक्य मला ऐकवलं.

माझा धाकटा भाऊ मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर असतो. वय ४४. तरुणपणी तालमीत घुमलेला, अंगानं भक्कम, पण सिगारेट सुटलेली नव्हती. आमचे वडील पन्नाशीच्या आतच हार्ट अ‍ॅटॅकनं गेले. हे सगळं बघूनच आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्याला कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली होती. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्यानं एका ठिकाणी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं, त्यात हा स्कोअर होता. आला शून्य. रिपोर्ट देणाऱ्यानं ‘हार्ट एकदम क्लीन’ एवढं सांगून पाठवून दिलं. वडिलांचं विचारलं नाही, सिगारेटचं विचारलं नाही, कुठल्या गोळ्या चालू आहेत तेही नाही. भावानं त्याच आठवड्यात गोळी बंद केली.

पुढं ऐन हंगामात एका रात्री त्याच्या छातीवर दाब आला, जबडा दुखायला लागला, दरदरून घाम सुटला. भावजय शेजाऱ्यांची गाडी काढायला निघाली तर यानं तिला अडवलं. मी फोनवर ओरडत होते, दवाखान्यात जा म्हणून. तर म्हणतो, “आक्का, रिपोर्ट शून्य आलाय न्हवं? हार्टचं काय न्हाय हे, रस्सा बाधलाय.” पहाटेपर्यंत सोडा पीत बसला. सकाळी नेला तेव्हा एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी, पूर्ण बंद होती. स्टेंट बसला, जीव वाचला. पण मधले तास वाया गेले ते गेलेच. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. गुळाच्या ढेपा एकट्यानं हलवणारा माणूस आज जिन्यात मध्येच कठड्याला धरून उभा राहतो.

अँजिओप्लास्टी केलेल्या डॉक्टरांना मी विचारलं, शून्य असताना हे झालं कसं? त्यांनी शांतपणे समजावलं. ते तुमच्या लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं. या तपासणीत सीटी स्कॅनला फक्त कॅल्शियम दिसतं, म्हणजे जुना, कडक झालेला प्लाक (वाहिनीच्या आत साठलेला थर). मऊ, चरबीचा प्लाक त्यात मोजलाच जात नाही. आणि बहुतेकदा पातळ आवरणाचा तो मऊ प्लाकच फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. चाळिशीतल्या माणसात प्लाक असला तरी त्यात कॅल्शियम साठायला अजून वेळ असतो. मऊ प्लाक बघायचा तर शिरेतून डाय देऊन सीटी अँजिओ करावी लागते. त्याआधी मूत्रपिंडाचं काम कसं आहे ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं, नाडी संथ करावी लागते, आणि ती काही सरसकट सगळ्यांची करत सुटायची तपासणी नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवलं आहे, त्यामुळं पुढं स्वतःही वाचत गेले. लेखात ज्या ‘मेसा’ अभ्यासाचा दाखला आहे तो अमेरिकेत ४५ ते ८४ वयाच्या माणसांवर झाला. गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे लोक त्यात होते. भारतीय वंशाचा गट त्यात नव्हता, आणि माझा भाऊ तर त्या वयोगटातही बसत नाही. ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, इतरांचं ५९ च्या आसपास. खुद्द अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शून्य आल्यावर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, लांबणीवर टाकता येईल, पण मधुमेह असेल, माणूस सिगारेट ओढत असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल तर नाही. यातल्या दोन गोष्टी माझ्या भावाला लागू होत्या. त्या चौकटीत एवढी ओळ बसली नसती का?

तपासणीला माझा विरोध नाही. साठीच्या आसपासचा, कसली तक्रार नसलेला माणूस, गोळी घ्यावी की नको अशा कात्रीत असेल तर शून्य ही खरोखर चांगली बातमी आहे. स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४१४६ रुग्णांवर ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यास झाला. ज्यांची सीटी अँजिओ केली त्यांच्यात पाच वर्षांत हृदयविकाराचे मृत्यू आणि झटके मिळून २.३ टक्के झाले, बाकीच्यांत ३.९ टक्के. पण का, तर प्लाक दिसल्यावर त्यांना योग्य गोळ्या चालू झाल्या. आमच्याकडे रिपोर्ट बघून चालू असलेली गोळी बंद झाली.

याच्या उलटंही घडतं. स्टॅटिन घेणाऱ्याचा स्कोअर पुढं वाढू शकतो, कारण मऊ प्लाक कडक होऊन स्थिर होतो. तो वाढलेला आकडा बघून गोळीनंच घात केला असं समजणारे माझ्या ओळखीत आहेत. तुमचा लेख त्यावरही गप्प आहे.

आणखी एक. त्याच पानावर, लेखाच्या अगदी खाली, हृदय तपासणीच्या सवलतीच्या पॅकेजची अर्ध्या पानाची जाहिरात आहे. लेख कुठं संपला आणि जाहिरात कुठं सुरू झाली हे मला चष्मा लावूनही चटकन कळलं नाही. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मान्य. पण आजाराच्या लेखाला त्याच आजाराच्या पॅकेजची जाहिरात चिकटवू नका. वाचक दोन्हीवर सारखाच विश्वास ठेवतो.

माझी मागणी एवढीच. येत्या पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच ठळक टायपात खुलासा छापा. शून्य स्कोअर कुणासाठी दिलासा आहे आणि कुणासाठी नाही, ते लिहा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका, हे लिहा. आणि छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली तर जुना रिपोर्ट काढून बघत बसू नका, १०८ ला फोन करा, लगेच ईसीजी काढून घ्या, हे सगळ्यात वर लिहा. आतल्या पानावरचा बारीक अक्षरातला दिलगिरीचा मजकूर मला नको आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(भावाच्या धंद्याचा प्रश्न आहे, नाव छापू नये.)