बटाट्याच्या फसलेल्या क्रॉसच्या वह्या पण उघडा

संपादक साहेब, नमस्कार.
बटाट्याचे कुठले दोन वाण क्रॉस करायचे, म्हणजे एकाचे पराग दुसऱ्याच्या फुलाला लावून नवं वाण काढायचं, ते आता कॉम्प्युटर आधीच सांगणार, ही बातमी वाचली. आमच्या सातगाव पठारावर खरिपात बटाटा असतो, बेणं पंजाबातून मंचरला येतं, त्यामुळे नवीन वाण म्हटलं की कान टवकारतातच. पण गावातल्या पोरांना वाटतंय एक भरघोस पिकणारा आणि एक करप्याला दाद न देणारा असे दोन धरले की झालं काम. अहो, माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, बटाट्यात चार, एकूण 48, त्यामुळे एकाच फळातल्या शंभर-दोनशे बिया लावल्या तरी एक रोप दुसऱ्यासारखं निघत नाही, आपण बेणं कापून लावतो म्हणून वाण टिकतो, बियातून गेला की पत्त्यांचा कॅट पिसलाच समजा.

मागे शिमल्याजवळ कुफ्रीच्या बटाटा संशोधन केंद्रात गेलो होतो, तिथे क्रॉस करतात कारण लांब दिवस आणि गारवा मिळाला की बटाटा चांगला फुलतो. एक ताई कळी उमलायच्या आत चिमट्याने पिवळे परागकोश काढून दुसऱ्या वाणाचे पराग लावत होत्या, मग दोऱ्याने लेबल. किती कळ्यांना फळ धरतं विचारलं तर नुसत्या हसल्या. काही वाणांचे तर परागच वांझ, तो अमेरिकेतला रसेट बरबँक बाप म्हणून कामाचाच नाही.

मुद्दा असा, की आईबापावरून पोरांची सरासरी बऱ्यापैकी कळते पण सरासरी हवीय कुणाला, हजारोंतलं एक रोप हवं, म्हणजे पोरांपोरांत फरक किती पडेल तेही सांगता यायला पाहिजे. ते शिकवायला कॉम्प्युटरला फसलेल्या जोड्याही दाखवाव्या लागतात. ज्योती वाण 1968 चा, पुखराज 1998 चा, त्यांचे आईबाप छापून येतात, पण ज्यांची पोरं पहिल्याच वर्षी उकिरड्यावर गेली त्यांच्या वह्या पण सगळ्यांना बघायला मिळू द्या की.

आणि आकडे कुठले घेणार? उत्तरेतल्या थंडीतल्या पिकावर शिकलेलं भाकीत आमच्या पावसाळ्यात कसं चालेल, रात्र गरम राहिली की कंद नीट धरत नाही, कुफ्री सूर्या हा वाण त्यासाठीच तर काढला. पठारावरचे खरिपाचे प्लॉट पण त्यात घ्या. दोन गुंठे मी देतो, फक्त काढणीला वजन करायला माणूस पाठवा, मागच्या ट्रायलला फोनवरच अंदाजे किती निघाला म्हणून विचारलं होतं.

– एक बटाटा उत्पादक, सातगाव पठार, ता. आंबेगाव