रातकिडा आणि मुकं कार्ड

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि. वगैरे गाळतो. तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि हसू आलं. संगणकात बसवायच्या सात ग्राफिक्स कार्डांची नावं, प्रत्येकापुढे फ्रेमचे, म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं काढतं त्याचे आकडे, आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, "पोरगी त्याच खोलीत झोपते, तेव्हा आवाज मात्र नको." अरे, हेच तर पहिलं वाक्य! त्या एका ओळीने सातांतली चार कार्डं आपोआप बाद होतात. फोनवरच सांगितलं असतं, पण तू दोन मिनिटांत "ते राहू दे, कुठलं घेऊ ते सांग" म्हणणार. म्हणून हे पत्र.

फ्रेमच्या आधी वॅटचा आकडा बघ. कार्ड जेवढी वीज खातं, ती सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. ती उष्णता चिपपासून दूर न्यायला पंखे फिरतात आणि आपण त्यांना शिव्या देतो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ४०७० ला २००, ५०७० ला २५०, एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४. तुझ्या यादीत सगळ्यात वर बसलेलं ५०९० तब्बल ५७५ वॅटचं आहे! झोपलेल्या लेकरापासून चार हातांवर तू अर्ध्या किलोवॅटची शेगडी पेटवणार आणि वर ती गप्प बसावी म्हणणार. तुझा मॉनिटर १४४० ओळींचा, मध्यम बारकाव्याचा, खेळतोस ते निवांत, गोष्टीवाले गेम. तुला एवढ्या कार्डाचं करायचंय काय?

आता दुसरी बाजू. चिप बनवणारी कंपनी वेगळी आणि तिच्यावर हीटसिंक (उष्णता शोषून पसरवणारा धातूचा ठोकळा), पंखे चढवून कार्ड विकणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यामुळे एकाच नावाची दोन कार्डं आवाजात जमीन-अस्मानाइतकी वेगळी निघतात. मी हे ठेच लागल्यावर शिकलो. माझं मागचं कार्ड आठवतं ना? चिप उत्तम, पण अंगाने बारीक, दोन छोटे पंखे, पातळ हीटसिंक. मी खूश, की कॅबिनेटमध्ये अलगद बसलं. गेम सुरू झाला की पाचव्या मिनिटाला ते असं घोंघावायचं की आई दुसऱ्या खोलीतून विचारायची, मिक्सर कोण लावलाय?

यामागचं गणित साधं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मीच होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून मोठा, जाड हीटसिंक आणि सावकाश फिरणारे तीन मोठे पंखे ही जोडी नेहमीच बाजी मारते. छोट्या हीटसिंकला तेवढीच उष्णता काढायची तर पंखे पळवावेच लागतात, मग पंखा कितीही महागातला असो. २००३ साली एनव्हिडियाचं जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा आलं होतं. त्याच्या आवाजाची लोकांनी इतकी टर उडवली की शेवटी कंपनीनेच स्वतःची खिल्ली उडवणारा व्हिडिओ काढला. तेव्हापासून हीटसिंक जाड होत गेले, पण चिपांची भूकही वाढत गेली, त्यामुळे लढाई जिथल्या तिथेच आहे.

तर माझा सल्ला असा: थोरल्याचा सदरा धाकट्याला घाल. म्हणजे चिप मधल्या पायरीची घे आणि हीटसिंक असा बघ, जो मुळात वरच्या पायरीसाठी बनवलाय. आरएक्स ९०७० घे उदाहरणाला. मूळ मर्यादा २२० वॅट, १६ जीबी मेमरी. काही उत्पादक त्यावर ३०४ वॅटच्या एक्सटीचाच हीटसिंक चढवतात. सदरा ढगळ होतो, पण पंखे आळसावल्यासारखे फिरतात. फक्त कारखान्यातूनच ताणून वेग वाढवलेली आवृत्ती घेऊ नकोस. दोन-तीन टक्के फ्रेमसाठी ती वीज बरीच जास्त पिते आणि सगळा हिशोब बिघडवते. एनव्हिडियाच हवं असेल तर ५०६० टीआय १६ जीबीवालं बघ, १८० वॅटचं. पण ८ जीबीचं घेऊ नकोस, तेच नाव लावून दोन्ही विकतात. मेमरी कमी पडली की गेम अडखळतो आणि त्यावर नंतर काहीच उपाय नसतो.

तू विचारलंस, "पंखे थांबतात म्हणे, मग शून्य आवाजच की!" हो, आणि इथेच मेख आहे. आजकाल बहुतेक कार्डांचे पंखे साधारण ५०-६० अंशांपर्यंत बंदच असतात. वेब पाहताना, सिनेमा पाहताना चिडीचूप. पण हलकासा गेम लावलास की तापमान नेमकं त्या उंबरठ्यावर येऊन घुटमळतं. पंखे सुरू होतात, दोन अंश उतरतं, बंद होतात, चढतं, परत सुरू. भुर्र... शांत... भुर्र... शांत. माणसाचा कान एकसुरी आवाजाला सरावतो, अगदी जोराच्या पावसालाही. झोप मोडते ती आवाज बदलला की. सतत मंद गुणगुणणारं कार्ड एक वेळ चालेल, पण श्वास अडकल्यासारखं थांबत-सुरू होत राहणारं तुझ्या लेकीला नक्की उठवेल. म्हणून घेतल्या घेतल्या पंख्यांचा आलेख, म्हणजे किती तापमानाला किती वेग, स्वतः बसव. एक तर ३० टक्क्यांवर कायम फिरू दे, नाहीतर सुरू होण्याचं आणि थांबण्याचं तापमान यांत आठ-दहा अंशांचं अंतर ठेव. माझ्याकडे पहिला प्रकार आहे. रात्री पंखे फिरताहेत हे मला हात लावून बघावं लागतं.

आता रातकिड्याची गोष्ट. नवीन कार्ड बसवलं त्याच रात्री खोलीत किर्र असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं, खिडकीतून रातकिडा शिरला. टॉर्च घेऊन पलंगाखाली, कपाटामागे, पडद्यात, सगळीकडे शोधला. बायको म्हणाली, तू खुर्चीवरून उठून शोधायला लागलास की थांबतो बघ. खरंच थांबायचा! कारण मी उठताना गेम बंद करायचो. तो किडा कार्डातच होता. वीज नियंत्रित करणाऱ्या सर्किटमध्ये तारांची वेटोळी असतात, त्यांतून प्रवाह झपाट्याने कमी-जास्त झाला की ती थरथरतात आणि किरकिरतात. कॉइल व्हाइन म्हणतात त्याला. गेमच्या मेन्यूवर फ्रेमना लगामच नव्हता, कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसलं होतं, तेही न हलणाऱ्या चित्राच्या! ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन फ्रेमची कमाल मर्यादा मॉनिटरच्या वेगाच्या जराशी खाली बांधली आणि किडा मेला. वीजही वाचली. ही किरकिर म्हणजे सहसा बिघाड नसतो आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्ये ती वेगवेगळी असू शकते. म्हणून परत करण्याची मुदत नीट वाचून घे आणि पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या शांततेत ऐक. दुपारच्या गोंगाटात काही कळत नाही.

टिकाऊपणाचं विचारलंस. कार्डात हलणारा भाग एकच, पंखा, आणि माझ्या अनुभवात आधी दगा देतो तोही तोच. साधं स्लीव्ह बेअरिंग नवं असताना शांत असतं, पण वंगण आटलं की खरखरायला लागतं. दुहेरी बॉल बेअरिंग जास्त टिकतं, थोडं जास्त ऐकू येतं. द्रवाच्या पातळ थरावर फिरणारं बेअरिंग दोन्हींचा मेळ घालतं, ते मिळालं तर उत्तम. मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या चिपांवरही थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणारी मऊ पट्टी) आणि धातू टेकलाय ना, हे कार्ड उघडून केलेल्या परीक्षणांत दिसतं, ते बघ. चिपचं सरासरी तापमान आणि तिच्यावरच्या सगळ्यात तप्त बिंदूचं तापमान यांत १५-२० अंशांचा फरक साधारण धरतात. ३० च्या पुढे जायला लागला तर चिप आणि हीटसिंक यांमधली पेस्ट नीट बसलेली नाही किंवा सरकली आहे असं समज. वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा ती कोण निभावतं हे महत्त्वाचं. माझं मागचं कार्ड ज्यांचं होतं त्यांनी पंखा बदलायला सात आठवडे घेतले. तेवढ्यात मी बुद्धिबळ शिकलो.

वायरींबद्दल एकच. ४०९० च्या काळात, २०२२ मध्ये, कार्डाला वीज देणाऱ्या नव्या सोळा पिनांच्या जोडणीची टोकं वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण निघालं, पुढे जोडणीची रचनाही सुधारली. २२० वॅटच्या कार्डाला बऱ्याचदा जुन्या, भक्कम आठ पिनांच्या दोन जोडण्या पुरतात. माझा जीव त्यांच्यातच रमतो. कुठलीही असो, प्लग शेवटपर्यंत दाब आणि त्याच्या तोंडाशी वायर करकचून वाकवू नकोस. जड कार्डाला खालून टेकू दे, नाहीतर ते लोंबतं.

आता अर्ध्या तासाचं काम, पण ते टाळू नकोस. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेज थोडंसं उतरवलं तरी वीज पुष्कळ उतरते. उत्पादक सगळ्या नगांना एकच, जरा सैल हाताने ठरवलेलं व्होल्टेज देतात, आणि बहुतेक नग त्याहून कमीवर सुखाने चालतात. एएमडीच्या ड्रायव्हरमध्येच ही सोय आहे, एनव्हिडियाला आफ्टरबर्नर नावाच्या वेगळ्या प्रोग्राममध्ये. जमत नसेल तर निदान वीजमर्यादा खाली ओढ. माझ्या कार्डाला मी वीस टक्के वीज कमी देतो आणि फ्रेम चार-पाच टक्के जातात. डोळ्यांना पत्ताही लागत नाही, कानांना मात्र लागतो. थोडं थोडं उतरव आणि दर वेळी तासभर गेम चालवून बघ. अचानक बंद पडला तर एक पायरी वर ये.

आणि हो, तुझं ते पुढून काचबंद कॅबिनेट! दिसायला देखणं, पण कार्ड आतल्या आत स्वतःचीच गरम हवा ओढत बसेल. सगळं करून पुन्हा मलाच फोन करशील की आवाज येतो. पुढे जाळी असलेलं घे किंवा निदान ती काच काढून ठेव. वापरलेलं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून लिहिलंयस, ते सोड. आधीच्या मालकाने त्याचे पंखे किती पळवलेत, तुला कसं कळणार?

कार्ड आलं की ऐकायला मला बोलव. पोरगी झोपल्यावर, दिवा मालवून, दोघंही गप्प बसू. किर्र ऐकू आलं तर टॉर्च घेऊन उठायचं नाही, आधी गेम बंद करायचा.

तुझाच,
पलंगाखाली रातकिडा शोधणारा