मागचे जन्म विका, पण बुद्धाचा फोटो लावून नको

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत किनाऱ्यावरच्या, मागचा जन्म दाखवणाऱ्या त्या वर्कशॉपबद्दल अर्धं पान आलंय ते वाचलं. आपल्या गोव्यात मांद्रे-हरमल पट्ट्यात सीझन सुरू झाला की असले बोर्ड लागतातच, योगा, रेकी, साऊंड हीलिंग, आणि आता त्यात मागचा जन्म दाखवणारे. फी पण जोरदार असते, ज्याला परवडते त्याने खुशाल जावं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बॅनरवर फोटो बुद्धाचा आणि लेखात वाक्य काय, तर ही म्हणे बुद्धाचीच विद्या. छापायच्या आधी कुणाला तरी विचारायचं तरी!

बुद्धाने पुनर्जन्म मानलाच नाही असं मी म्हणत नाहीये. जुन्या पाली बौद्ध ग्रंथांत स्पष्ट आहे की बोधीच्या, म्हणजे ज्ञान झालं त्या रात्री पहिल्या प्रहरात त्यांना स्वतःचे मागचे जन्म आठवले, दुसऱ्या प्रहरात बाकीचे प्राणी आपापल्या कर्माप्रमाणे कसे मरतात आणि जन्मतात ते दिसलं. लोक इथपर्यंतच सांगतात आणि तिसरा प्रहर गाळतात. बोधी मिळाली ती तिसऱ्यात, दुःख काय, ते कशाने होतं आणि कशाने संपतं हे कळल्यावर. आणि मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं सब्बासव सुत्त बघा, त्यात बुद्ध भिक्षूंना सांगतात की 'मी पूर्वी होतो का, कोण होतो, कसा होतो' हे डोक्यात घोळवत बसू नका, त्याने माणूस नसत्या मतांच्या जंगलात अडकतो. म्हणजे जो प्रश्न सोडायला सांगितला नेमक्या त्याच प्रश्नाचे हे पैसे घेतात आणि वर फोटो त्यांचाच.

लेखात 'आत्मा शरीर बदलतो' असंही आहे. जुने कपडे टाकून नवे घालावेत तसं, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं, पण ते गीतेतलं, बुद्धाचं नाही. साती नावाचा एक भिक्षू होता, कोळ्याचा मुलगा, तो सांगत सुटला की तेच एक विज्ञान (सायन्स नव्हे, जाणीव) या जन्मातून त्या जन्मात जातं, तर बुद्धाने त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलं, मी असं कधी आणि कुणाला शिकवलं म्हणून. मग आत्माच जात नसेल तर जन्म कुणाचा, आणि पाप करून सुटायला सगळे मोकळेच की? हा प्रश्न ग्रीक राजा मिलिंदालाही पडला होता. नागसेन नावाच्या भिक्षूने त्याला आंब्याच्या चोराची गोष्ट सांगितली. चोर पकडला गेल्यावर म्हणतो, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते आंबे वेगळे, मला शिक्षा कसली? राजा म्हणाला शिक्षा होणारच, कारण हे आंबे त्याच आंब्यापासून आले. तसंच जन्माचं, तोच माणूस परत येत नाही आणि आधीच्याशी काही संबंध नाही असंही नाही. मे महिन्यात ज्यांच्या भाटातले (बागेतले) मानकुराद आंबे चोरीला गेलेत त्यांना हे जास्त समजवायला नको.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांना म्हणे राणी, योद्धा, इजिप्तचा पुजारी असलेच जन्म दिसतात. बुद्धाच्या मागच्या जन्मांच्या गोष्टी म्हणजे जातकं, ती साडेपाचशेच्या आसपास आहेत आणि त्यांत बोधिसत्त्व (म्हणजे आधीच्या जन्मातला बुद्ध) माकड आहे, ससा आहे, लावा पक्षी आहे, हरण आहे, मातंग जातकात तर चांडाळ आहे.

कोणी म्हणेल मग दलाई लामांचं काय? ते 1935 साली जन्मले, दोनेक वर्षांचे असताना तेराव्या दलाई लामांच्या वस्तू त्यांनी ओळखल्या, म्हणून ते त्यांचाच पुनर्जन्म, असं सांगतात. पण ती तिबेटी परंपरा आहे, श्रीलंकेत किंवा ब्रह्मदेशात असे लामा शोधत नाहीत. शिवाय तिथेही प्रकरण आता राजकारणात अडकलंय, चीन सरकारने 2007 साली नियमच काढला की कुणाचा पुनर्जन्म मान्य करायचा तर परवानगी आमची (कम्युनिस्ट, बरं का!), आणि 2025 च्या जुलैत दलाई लामांनी जाहीर केलं की पुढचा शोधायचा अधिकार फक्त त्यांच्या ट्रस्टचा.

हे सगळं एकवेळ चालून जाईल, पण मला खरं खटकलं ते शेवटच्या पॅरातलं, की आजारपण, अपंगत्व, पैशाची ओढाताण सगळं मागच्या जन्मीचं असतं. आमच्या वाड्यावर एका आईला कुणीतरी हेच सांगितलं, पोराला नीट चालता येत नाही ते तुमचंच मागचं देणं म्हणून, ती बाई महिनोनमहिने फिजिओथेरपी सोडून नवस फेडत फिरली आणि रात्री रडायची ते वेगळंच. संयुत्त निकाय या दुसऱ्या पाली संग्रहात सीवक नावाच्या परिव्राजकाने (फिरत्या साधूने) बुद्धाला सरळ हाच प्रश्न केलाय, माणूस जे काही भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळे का? बुद्धाने आठ कारणं सांगितली. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र बिघडणं, ऋतूबदल, नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेली इजा आणि आठवं कर्म. आणि वर सांगितलं की सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे सत्याच्या पलीकडे बोलतात. बाबासाहेब तर आणखी पुढे गेले, गरिबाची गरिबी मागच्या जन्माच्या खात्यात टाकली की समाज आणि सरकार मोकळं होतं हे त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्या पेपराने तेच छापावं?

तसं गोव्याला बुद्ध काही नवीन नाही. आमच्या डिचोलीजवळ लामगावला जांभ्या दगडातल्या गुहा आहेत, बौद्ध भिक्षूंच्या म्हणून ओळखतात. जुन्या गोव्याच्या काळात दियोगो दो कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने तर बघितलं होतं की ख्रिस्ती संत जोसाफातची गोष्ट आणि बुद्धाची गोष्ट किती मिळतीजुळती आहे (आणि आज अभ्यासक सांगतात की ती आलीच बुद्धाच्या चरित्रातून, पुनर्जन्म म्हणायचा तर हा म्हणा). आणि आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी, 1876 चा जन्म, घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ करत 1902 साली सिलोनला पोचले ते बुद्ध नक्की काय बोलला ते मूळ पालीत वाचायला. त्यांच्यावर अर्धं पान कधी आलेलं मला तरी आठवत नाही, देणार असाल तर आनंदच आहे.

ते होईल तेव्हा होईल. त्याआधी येत्या रविवारी एवढं छापा की तो वर्कशॉपचा लेख बातमी होती की पैसे घेऊन टाकलेली जाहिरात, कारण खाली बुकिंगचा नंबर होता आणि लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

आपली,
एक नियमित वाचक, डिचोली